चुलीमागचा चुन्याचा चौकोन

मेहकर, शनिवार, दिवेलागणीला

घराच्या दुरुस्तीला मिस्त्री ठरवणं म्हणजे डोक्याला ताप. पहिला म्हणाला, "आता आपलं मराठी राज्य नवं, फॅशन नवी," आणि दारावर सिमेंटचे मोर काढायला निघाला. त्याला वाटेला लावलं. आज दुसरबीडचा सुदाम मिस्त्री आला. त्याला नजर आहे, असं सगळे सांगतात. कसली नजर? त्याने टेपसुद्धा बाहेर काढला नाही. सरळ स्वयंपाकघरात शिरला आणि हिला विचारतो, "बाई, भाकरी थापाले कुठी बसता?" मग स्वतःच तिथे बसून राहिला. उठला, तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेतला आणि चुलीमागच्या काळ्या भिंतीवर चौकोन काढला. "मास्तर, पयले इथं खिडकी. ओसरीचं मंग पाहू."

मला हवी ओसरीची शोभा, आणि हा चुलीत घुसतो! काम वाढवायचा डाव असणार. नाहीतर टेप का नाही काढला? आणि ही त्या चौकोनाकडे एवढी का पाहत होती? दोघांचं आधीच ठरलं होतं का?

शेवटी मघाशी भाकरी चालू असताना हिला उठवलं आणि मीच पाटावर बसलो, चूक दाखवायला. चौकोन बरोबर माझ्या डोळ्यांसमोर. पण दोन मिनिटांत धुराने तो दिसेनासा झाला, डोळ्यांना धारा लागल्या.

"काऊन सांगितलं नाही कधी?"

"तुम्ही कधी इथं बसलेच नाही," ती म्हणाली.

लग्नाला अकरा वर्षं झाली. जेवायला वाढताना तिचे डोळे लाल दिसले की मी विचारतो, "आता कशाले रडतेस?"