तेल घातलेलं भंगार

दि. ४ जून

चि. धाकट्यास,
ताईचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र काल पोचलं. नेहमीप्रमाणे अंगणात उभ्याउभ्याच फोडलं आणि मिस्त्रीकाकांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांचे डोळे आता गेल्यात जमा आहेत, पण हात तसेच. तांब्याची तार कुठली आणि तांब्याचा रंग दिलेली अ‍ॅल्युमिनियमची कुठली, हे ते नुसत्या बोटांनी सांगतात, आणि मी डोळे असून चुकते म्हणून मला बोलणी बसतात. बाबा गेल्यापासून मला रागावणारं एवढंच माणूस उरलंय, म्हणून ऐकून घेते.

काम भरपूर आहे. एका खानावळीचे तीन फ्रिज आलेत. कॉम्प्रेसर कापताना माझा अंगठा चेचला. काळजी नको, नख जाईल आणि पुन्हा येईल.

आता खरी बातमी. काल तुझी बायको आली होती. होय, तीच. तू गेल्यापासून पावणेतीन वर्षांत तिने या फाटकाकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. काल पिशवीतून इस्त्री काढून माझ्यापुढे ठेवली आणि भंगारात घ्या म्हणाली. मी तिला बससुद्धा म्हटलं नाही. ती आपणहून वॉशिंग मशीनच्या एका पालथ्या पिंपावर बसली, तुझं पत्र वाचून होईपर्यंत बसून राहिली, पाणी प्यायली आणि इस्त्रीचं वजन करायलाही न थांबता निघून गेली.

बाबांचा नियम तुला पाठ आहे. फोडण्याआधी प्रत्येक वस्तूला एकदा वीज लावून बघायची. चालली तर ती भंगार नाही. पण माझं डोकं इतकं फिरलं होतं की तशीच छिन्नी घातली. तुमच्या संसारातली पहिली वस्तू ती! तुझ्या खुणा घरातून पुसायला बसलीये, दुसरं काय? भट्टीवरची तीन वर्षांची नोकरी तू तिला न विचारता सही करून घेतलीस ही चूक तुझीच, आणि ते मी तुला तोंडावर सांगितलं होतं. पण म्हणून ‘मला पत्रसुद्धा लिहू नका’ असं नवऱ्याला सांगायचं आणि वर घर असं फुंकून टाकायचं?

मनाला लावून घेऊ नकोस. घेशील हे ठाऊक आहे, तरी लिहिते. जेवणाची आबाळ करू नकोस. माया पातळ होऊ देऊ नकोस, माझी तर होतच नाही.

तुझी,
ताई


दि. २० जून

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

अंगठ्याला तूप-बीप लावत बसू नकोस, डॉक्टरकडे जा. तुझी काळजी नको म्हणण्याची पद्धत मला माहीत आहे.

इकडे सगळं जिथल्या तिथे. रोज सकाळी दाबून चौकोनी केलेले पत्र्याचे ठोकळे येतात, क्रेनने उचलायचे आणि भट्टीत सोडायचे. त्या ठोकळ्यांतून फ्रिजचा दरवाजा ओळखू येतो, त्यावर कुणा पोराने चिकटवलेली चित्रं असतात. मी उगाच आपल्या अंगणातलं काही दिसतंय का ते बघतो. आपलं भंगार इतक्या लांब येत नाही हे मला कळतं, पण नजर जातेच. धुरामुळे थोडा खोकला आहे, बाकी तब्येत ठीक.

इस्त्रीचं वाचलं आणि त्या दिवशी घास उतरला नाही. ताई, ती बिघडली होती का गं? शिंपीणबाईला इस्त्रीशिवाय एक शिवण बसवता येत नाही, मग ती आता करते काय? वाळलीये का? तोंडात टाचण्या धरून बोलायची तिची सवय गेली का? तिने माझं काही विचारलं का? विचारलं नसेल तर तसंच लिही, माझं समाधान करायला खोटं लिहू नकोस.

आणखी एक. सप्टेंबरमध्ये माझी तीन वर्षं भरतात. पुढच्या तीन वर्षांच्या कागदावर ऑगस्टअखेर सही मागताहेत. इथे मन रमतं असं अजिबात नाही. पण परत येऊन तुझ्या मागच्या खोलीत राहायचं आणि दोन गल्ल्या पलीकडे तिच्या खिडकीतला दिवा बघत बसायचं, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. त्यापेक्षा भट्टी बरी. बहुतेक सही करीन.

फोनवर मागे रांग असते, म्हणून हे सगळं कागदावर. मिस्त्रीकाकांना नमस्कार. आहे तो जीव असाच लावून ठेव.

तुझा,
धाकटा


दि. ५ जुलै

चि. धाकट्यास,
ताईचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र आज दुपारी आलं. टपालवाला फाटकातून बाहेर पडतोय न पडतोय तोच तुझी बायको हातगाडीवर वॉशिंग मशीन लादून हजर! या खेपेला मी शहाणपणा केला आणि वीज लावून बघितली. मशीन लोण्यासारखं फिरलं. मी तिला म्हटलं, बाई गं, हे चालू आहे. तर म्हणाली, चालू असलं तरी नको. आता यावर काय बोलायचं? चालू वस्तू नको असेल तर नको असण्याचं कारण मी कशाला विचारू? कारण मला माहीत आहे. मी बाबांचा नियम बाजूला ठेवला आणि संध्याकाळपर्यंत मशीनचा पत्रा, पिंप आणि मोटर वेगळी करून टाकली.

तू विचारलंस म्हणून खरं तेच लिहिते. वाळलीये. मला तिने तुझं काहीही विचारलं नाही. खोकल्याचं वाचलं तेव्हा किती दिवसांपासून आहे असं तिने मिस्त्रीकाकांना विचारलं, मला नाही. याही खेपेला वजन न करताच निघाली, जाताना मात्र तुझं पत्र दर महिन्याला येतं का, असं विचारलं. मी म्हटलं, माझा भाऊ आहे, लिहितो.

घाबरू नकोस, तिच्याबद्दलचं तू लिहिलेलं मी तिच्यापुढे वाचलं नाही. तसं मी ते कधीच वाचत नाही. काकांपुढेही नाही. भट्टी, जेवण, खोकला एवढं वाचते आणि मधलं गिळते. ती तिकडे ताठ मानेने घर मोडतेय आणि माझा भाऊ तिच्या टाचण्यांची चौकशी करतोय, हे तिला कशाला कळायला हवं? तेवढा तुझा मान मी राखते. सहीचं वाचलं नाही, कारण ते तिच्याच वाक्याला चिकटून होतं.

त्या सहीबद्दल मी तुला गळ घालणार नाही. मागची खोली झाडून ठेवली आहे एवढंच सांगते. आणखी तीन वर्षांनी मिस्त्रीकाका असतील की नाही माहीत नाही, मीही काही तरुण होत चाललेली नाही. खोकल्याला औषध घे. विसर पडू देऊ नकोस.

तुझी,
ताई


दि. २२ जुलै

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र एक शब्दही न गाळता वाच, अगदी तू वाचतेस तसं मोठ्याने. तुला माझी शपथ.

आपल्याकडून एक चूक झालीये, आणि ती भंगारवाल्यांच्या घरातच होऊ शकते. फाटकातून आत आलं ते भंगार, असं आपण धरून चालतो. तू वस्तू बघत राहिलीस आणि मीही तुझ्या डोळ्यांनी वस्तूच बघत राहिलो. परवा तुझी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली. इस्त्री आली त्या दिवशी माझं पत्र आलं होतं. वॉशिंग मशीन आलं त्या दिवशीही माझं पत्र आलं होतं. ती पत्र संपेपर्यंत बसते आणि वजन न करता जाते. ताई, भंगार द्यायला आलेलं माणूस वजनाआधी कधी उठलेलं तू बघितलंयस का? ती माझी पत्रं ऐकायला येते. आणि त्यांत तिचा एक शब्द नसतो, कारण तो तू गिळतेस. माझ्या मायेपोटीच गिळतेस, मला कळतं, पण तिला काय वाटत असेल याचा विचार करून मी दोन रात्री झोपलो नाही.

आता ती समोर बसली असेल असं धरून पुढचं तिला लिहितो.

शिंपीणबाई, प्रत्येक पत्रात तू होतीस. लिहू नका म्हणालीस म्हणून तुझ्या नावाने लिहिलं नाही, ताईच्या नावाखाली लिहीत राहिलो. इथे कुणाचा शर्ट दिसला तरी मी त्याची शिवण बघतो आणि तुझ्यापुढे ती काहीच नाही असं मनात म्हणतो. इतर माणसं सुट्टीच्या दिवशी गावात फिरायला जातात, मी खोलीवर पडून आपल्या घरातल्या वस्तू कुठे कुठे आहेत ते आठवत बसतो. आता त्यांतल्या दोन कमी झाल्या.

तीन वर्षांपूर्वी सही केली तेव्हा तुला विचारलं नाही. तू नको म्हणशील ही भीती होती, म्हणून आधी सही केली आणि मग सांगितलं. तो भित्रेपणा होता. आता तसाच कागद पुढे आहे, ३१ ऑगस्टपर्यंत. या वेळी विचारतो. करू की नको? तू कर म्हणालीस तर करीन आणि पुन्हा विषय काढणार नाही.

ताई, रागावू नकोस. तुझ्यावाचून हे कुणाला सांगणार होतो? पदरात घे.

तुझा,
धाकटा


दि. ७ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
ताईचे अ. उ. आ. वि. वि.

काल काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण माझ्या हातून फार मोठी चूक होता होता राहिली.

पत्र आलं, आणि मी पाकीट फोडायच्या आत ती आली. या वेळी शिलाई मशीन! हातगाडीवरून तिने ते स्वतःच उतरवलं. मी म्हटलं, झालं, आता ही पोटावरच पाय मारून घेतेय. बिडाचं मशीन, एका घावात फुटतं. हातोडा मी घेतलाही होता. मिस्त्रीकाकांनी सवयीने मशीनवर हात फिरवला आणि बोटं नाकाशी नेली. म्हणाले, तेल ताजं आहे, आज सकाळचं. भंगाराला कुणी तेल घालतं का? काकांनी मला हातोडा खाली ठेवायला सांगितला आणि आधी पत्र वाच म्हणाले.

तुझी शपथ वाचली. तरी दुसऱ्या परिच्छेदाशी आल्यावर माझी जीभ अडली आणि मी सवयीने पुढच्या पानावर उडी मारली. तर काका म्हणाले, तीन वर्षं तू कुठे कुठे गिळतेस ते मला ऐकू येतं, आज गिळू नकोस. मला रडू फुटलं. मग तिनेच उठून पत्र माझ्या हातातून घेतलं. उभ्याने वाचलं, मग खाली बसून वाचलं. घडी घालून मुठीत धरलं ते सोडलंच नाही. माझ्या नावाचं पत्र, पण मला विचारलंही नाही!

मशीन मी स्वतः हातगाडी ढकलत तिच्या घरी पोचवलं. तिथे गेल्यावर कळलं. दोरीवर हाताने पिळलेले कपडे होते आणि गिऱ्हाइकाचे शिवलेले कपडे घड्या घालून गादीखाली दाबून ठेवलेले, इस्त्री नाही म्हणून. इतके दिवस मी दोन गल्ल्यांवर राहते आणि एकदाही डोकावले नाही.

धाकट्या, तुझा मान राखायला गाळलं असं मी लिहिलं होतं. ते अर्धंच खरं आहे. तू घरात फक्त मला लिहितोस हे मला आवडायचं. ती वाक्यं वाचली असती तर पत्र माझं उरलं नसतं. माफ कर म्हणत नाही, तू करशीलच, तेच मला लागतंय.

सोबतचं पाकीट तिने दिलंय. मी उघडून बघितलेलं नाही. वाटलं खूप, पण नाही बघितलं.

तुझी,
ताई


दि. ६ ऑगस्ट

मायना काय लिहावा ते सुचेना. तीन लिहून खोडले. तसंच सुरू करते.

टपालवाल्याचा गणवेश मी शिवते. तुमचं पत्र असलं की तो माझ्या दारावरून घंटी वाजवत जातो. दोन-अडीच वर्षं ती घंटी मी ऐकून सोडून दिली. या उन्हाळ्यात तीन वर्षं संपत आली आणि तुम्ही येणार की नाही हे कुणाला विचारावं ते कळेना. वन्संच्या फाटकात रिकाम्या हाताने जायचा धीर नव्हता. भंगार घेऊन आलेल्याला तिथे कुणी का आलात म्हणून विचारत नाही. म्हणून जे हाताला लागलं ते नेलं. वन्सं इस्त्री फोडत होत्या तेव्हा मी गल्लीच्या वळणावर उभी होते. आवाज ऐकला.

पत्र संपायचं आणि त्यात मी कुठेच नसायची. वाटायचं, पुढच्यात असेन. म्हणून पुन्हा काहीतरी उचलायची. आज मशीन उचललं तेव्हा ठरवलं होतं की यानंतर जायचं नाही, कारण त्यानंतर घरात न्यायलाच काही नव्हतं.

पत्र लिहू नका हे मी रागात म्हटलं होतं. तुम्ही ते इतकं पाळाल असं वाटलं नव्हतं. मला तुमची फार आठवण येते. हे असं सरळ लिहायला मला दुपारपासून दिवेलागणीपर्यंत वेळ लागला.

मागच्या खेपेला न विचारता सही केलीत, म्हणून मी तुमच्याशी बोलायचं टाकलं. आज विचारलंत, म्हणून सांगते. करू नका.

लोभ आहे. असावा असं लिहायची वेळ पुन्हा आणू नका.

तुमची