जुन्या स्पेलिंगची बाई

डिंडोली, आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची संध्याकाळ

सकाळी आईने पितरांच्या दोन घागरी भरल्या. एक पप्पांची. दुसरी कुणाची? "तुनी गोष्टमानी बाईनी. मरेल मानूसले घरमा बलाय, मंग पानी कोन दी?"

मी हसले. माझ्या इंग्रजी कथेतली मेलेली बाई, तिला म्हणे मी घरात बोलावलं! आईला मीच कथा समजावून सांगितली होती. बाईचं बोलणं मुद्दाम जुन्या स्पेलिंगमध्ये लिहिलंय: 'शो'मध्ये ओऐवजी ई, 'जेल' म्हणजे जी-ए-ओ-एल. जिवंत माणसं आजच्या स्पेलिंगमध्ये बोलतात. तेवढाच काय तो मधला पडदा.

दुपारी संपादकांचा फोन. वाचकांना त्या चुका वाटतील, बदला. स्पेलिंगं बदलली. एकूण एक.

आत्ता दिवा लावायला गेले, घागरींवरची खरबुजं उचलून पाहिली. पप्पांची काठोकाठ. तिची अर्धी. पाझरली म्हणावं तर खालची फरशी कोरडी. आई दुपारपासून गोडादऱ्याला, मामाकडे. घरात मी एकटी.

पडदा मीच काढला का?

स्पेलिंगं परत जुनी करायला बसले, पण मन होईना. तहानलेल्या बाईला घालवू कशी?

घागर पुन्हा भरून ठेवलीय. तिचं पिऊन झालं की जुनी करीन. तोवर मागे वळून बघायचं नाही.