अर्ध्या बिस्किटाबद्दल

रविवार, १४ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

नमस्कार. नेहमीप्रमाणे आधी तुझी पानभर थट्टा करणार होते, पण तुझं पत्र समोर आहे आणि हात चालत नाही. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू मध्येच माझी समजूत काढशील, आणि मीही खुशाल काढू देईन.

घरी सगळं ठीक. बाबा गुडघ्याचं नाव काढलं की विषय बदलतात, म्हणजे दुखतोय. आईनं पडदे धुतले, ते असे आटले की आता अर्ध्या खिडकीवर लोंबतात आणि शेजारच्या काकू बिनदिक्कत आमचं जेवण मोजतात. आई म्हणते, "मोजू दे, आपण काय चोरून खातो?"

"दवाखान्यात सगळे तुला सांभाळून घेतात ना गं?" असं तू विचारलंस. घेतात. जरा जास्तच घेतात.

भूल दिलेल्या जनावराच्या घशात श्वासाची नळी असते. जनावरानं स्वतःहून घोट गिळला की मगच ती काढायची. तुझ्या रावसाहेबांसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांची तर त्याहून उशिरा, मान उचलून कुरकुर करायला लागल्यावर, कारण त्यांचा घसाच अरुंद. हे शिकताना आमच्याकडून घोकून घेतलं होतं. इथे मात्र शेवटचा टाका पडला की नळी बाहेर. पुढचं जनावर ताटकळत असतं, आणि "इतकी वर्षं कधी काही झालं नाही" हे उत्तर तयार असतं.

पहिल्या आठवड्यात मी नळी धरून बसायचे. थोरल्या मदतनीस बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पुस्तकबाई, त्या नळीशी लग्न लावून देऊ का तुमचं?" सगळे हसले, मीही हसले. तेव्हापासून माझं नाव पुस्तकबाई. एकदा डॉक्टरांनाच विचारलं, तर तेही शांतपणे म्हणाले, "पुस्तकातलं जनावर एकटंच असतं गं." माणूस वाईट नाही, आत्या. रस्त्यावर चिरडलेली मांजरं फुकट शिवतो. म्हणून तर मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. हळूहळू मी विचारणं सोडलं, आणि मग धरून बसणंही.

तू रावसाहेबांना दात काढायला घेऊन आलीस, त्याच दिवशी सकाळी माझी नोकरी कायम झाली होती. तुला सांगितलं नव्हतं, कारण संध्याकाळी घरी येऊन सांगायचं ठरवलं होतं. सगळ्यांनी मिळून केक आणला होता. तुझ्या कुत्र्याचे दात निघाले, डॉक्टर हात धुवायला गेले, आणि बाहेरून हाक आली, "पुस्तकबाई, या लवकर, नाहीतर नुसता खोका मिळेल!"

मी नळी काढली. त्यानं घोट गिळला नव्हता. त्या दिवशी "काढ" असं मला कुणीही म्हटलं नव्हतं, हे नीट वाच. त्याला मागच्या खोलीत कुशीवर निजवलं, दार लोटलं आणि केक खायला गेले. बाईंनी माझ्या नाकाला क्रीम फासलं. मला इतकं बरं वाटलं, आत्या, त्यांच्यातलीच एक झाल्यासारखं.

परत आले तेव्हा त्याची जीभ निळी पडली होती. डॉक्टर धावत आले, पुन्हा नळी घातली, छाती दाबली. उपयोग झाला नाही.

मग मी तुला सांगितलं, "हृदय कमजोर होतं. झोपेतच गेला. माझा हात शेवटपर्यंत त्याच्या डोक्यावर होता." हे वाक्य माझं नाही. असं काही झालं की आमच्याकडे मालकाला हेच सांगतात. बाईंनी मला ते बाकावर बसवून, पाणी पाजून शिकवलं. म्हणजे "कधी काही झालं नाही" हेही खोटंच. आणि तू मला जवळ घेऊन म्हणालीस, "तू होतीस ना, मग झालं." नाकाला लागलेलं क्रीम मी तेव्हा नुकतंच पुसलं होतं.

तरी मी गप्प राहिले असते. खरंच राहिले असते. पण काल तुझं पत्र आलं. उपाशी आणायला सांगितलं असूनही तू सकाळी त्याला अर्धं बिस्कीट दिलंस, म्हणून तो गेला, असं लिहिलंयस. शेजारणीनं देऊ केलेलं पिल्लूही परत पाठवलंस, म्हणे, "माझ्या हाती जीव देऊ नये."

बिस्किटानं काही झालं नाही. त्याला उलटी झाली नव्हती. तोंड, घसा, सगळं मी स्वतः पाहिलं, काहीही आलेलं नव्हतं. तो श्वास कोंडून गेला, मी नळी काढल्यामुळे आणि जवळ नसल्यामुळे. त्या दिवशी त्याच्या वाट्याला जी काय माया आली, ती तेवढ्या अर्ध्या बिस्किटाची.

तुला खरं लिहून कळवलंय, हे उद्या डॉक्टरांना सांगणार आहे. इथून पुढे माझ्या हातातली नळी घोट गिळल्याशिवाय निघणार नाही, हेही. कामावर ठेवलं तर ठेवतील. बाबांना अजून सांगितलं नाही, आधी तुला कळायला हवं होतं.

पिल्लू आणशील? माझ्यासाठी नको, माझ्याकडेही आणू नकोस. पण आण.

तुझी भाची,
जिचा हात त्याच्या डोक्यावर नव्हता