पिल्लाच्या तोंडी घातलेले शब्द

डोंबिवली (पूर्व),
रविवार, १२ जुलै १९९२

चि. सौ. नीलास,
सुमतीताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारीच मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. शाळा सुरू झाल्यापासून लायब्ररीत नव्या पुस्तकांना नंबर घालायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. घरात स्वयंपाकघराचा कोपरा गळतोय. लिंबाचं गोड लोणचं छान मुरलंय, मधुभावोजींना आवडतं, कुणाबरोबर तरी पाठवीन.

हे सगळं खरं असलं तरी उशिराचं कारण ते नाही. तीन कागद फाडून हा चौथा घेतलाय.

तू लिहितेस की केतकी न्हाणीघरातसुद्धा एकटी जात नाही, तुझा पदर धरून दारात उभी राहते. शाळेच्या फाटकात रोज रडते. दोनदा वर्गात चड्डी ओली झाली. शेजारच्या बायका "सावत्र ती सावत्रच" असं तुला ऐकू जाईल अशा बेताने बोलतात. आणि मग तू मला विचारतेस, "ताई, माझं काय चुकतंय? लग्न ठरलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, पोर सगळं आपलं आपण करते."

म्हणाले होते, आणि त्या वेळी ते खरंच होतं.

माझी धाकटी बहीण चार दिवसांच्या तापात गेली, तेव्हा तिची केतकी दीड वर्षाची होती. भावोजींची फिरतीची नोकरी, म्हणून पोर माझ्याकडे आली. मी एकटी बाई. मला एकच धास्ती, आज मी आहे, उद्या हिला कोण? हिचं कुणावाचून अडता कामा नये, असं मी मनाशी पक्कं केलं. पण दोन-तीन वर्षांच्या पोरीला उपदेश करून काय कळणार? त्यात आमच्या भावाने मस्कतहून व्हीसीआर आणून दिलेला. म्हटलं, कार्टूनमधूनच शिकवू.

स्टेशनजवळच्या जगनच्या व्हिडिओ लायब्ररीतली एकूणएक कार्टूनची कॅसेट मी आधी स्वतः बघितली. कुणी कुणाच्या डोक्यात हातोडा घालतंय, कुणी कड्यावरून पडतंय. अशा सगळ्या परत. जगन म्हणायचा, "बाई, तुम्ही काय सेन्सॉर बोर्डातून आलात का? पोरं हीच बघतात!" शेवटी वैतागून त्याने खालच्या खणातली धूळ खाल्लेली एक कॅसेट काढून दिली. अस्वलाच्या पिल्लाची. भाषा कुठली, देव जाणे. रशियन असावी, जगनलाही ठाऊक नव्हतं.

ते पिल्लू सकाळी उठतं, आपलं अंथरूण आवरतं, बूट घालतं. बूट उलटे होतात, ते काढून पुन्हा घालतं. मग छोटी बादली घेऊन, पूल ओलांडून, पलीकडच्या झऱ्यावरून पाणी आणतं. मी आवाज बंद करायचे आणि मराठीत माझी मीच बोलायचे. "पिल्लू म्हणालं, थांब गं, माझं मी करते." केतकी शब्द न् शब्द पाठ म्हणायची. चार वर्षांची होईतो बटणं, वेणीची रिबीन, आंघोळ, सगळं तिचं ती. बालवाडीत जाताना एकदाही मागे वळून बघितलं नाही. बाकीच्या आया डोळे पुसत उभ्या आणि मी ताठ मानेने घरी.

मार्चमध्ये तुमचं लग्न ठरलं. मी केतकीला जवळ घेऊन सांगितलं, आता तू बाबांकडे राहायला जाणार, तिथे आई आहे. मला वाटलं, रडेल. ती उठली, कपाटातून फ्रॉक काढले, वेडेवाकडे दुमडून पिशवीत भरले आणि म्हणाली, "थांब गं, माझं मी करते."

नीला, त्या दिवशी मला जे झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तीन वर्षं राबून मी या पोरीला माझ्यावाचून राहायला शिकवलं होतं आणि ती शिकली होती.

संध्याकाळी कॅसेट लावली. पिल्लू पुलावर आलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बघ, घाबरलं बिचारं. मावशीला सोडून आलं ना." केतकी म्हणाली, "पण ते हसतंय गं." मी म्हटलं, "वरून हसतंय. आतून रडतंय. पुलापलीकडे कुणीच नसतं."

चुकून एकदा निघालं असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. मी रोज बोलले, दोन महिने. चित्रं तीच, शब्द मी बदलले. हळूहळू ती पुलाशी आली की डोळे मिटायला लागली. मग रात्री मला बिलगायला लागली. मी तिला थोपटायचे.

मे महिन्यात तुम्ही न्यायला आलात, तेव्हा ती कशी किंचाळली, तुला आठवत असेल. भावोजींनी माझ्या मानेवरची तिची बोटं एकेक करून सोडवली. सगळे म्हणाले, किती लळा! आणि मला बरं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण मला फार बरं वाटलं.

तुझं काही चुकलेलं नाही. हे पत्र भावोजींना वाचून दाखव. त्या बायकांनाही सांग हवं तर.

कॅसेट जगनकडून कायमची मागून घेतली आहे. भावोजींना पाठव, व्हीसीआरसुद्धा घेऊन जाऊ देत, मला आता तो कशाला? तू तिच्याजवळ बस आणि काही बोलू नकोस. पिल्लू काय करतंय ते तिलाच विचार, तिची नजर चांगली आहे. आणि तिला स्वच्छ सांग, मावशी खोटं बोलली होती. माझी बाजू घेऊ नकोस, नाहीतर तिचा विश्वास बसायचा नाही.

आठ दिवस येऊन राहा, असं तू लिहितेस. दोन स्टेशनांचं अंतर, कुठल्याही संध्याकाळी येता येईल. पण मी येणार नाही. मी आले तर ती मला घट्ट धरून ठेवील आणि मला पुन्हा बरं वाटेल. माझा माझ्यावर भरवसा उरलेला नाही.

मावशी कधी येणार, असं ती विचारत असेल. उद्या, परवा, असं काही सांगू नकोस. "माहीत नाही," एवढंच म्हण. ती पुन्हा विचारील, काही दिवस विचारत राहील. मग एक दिवस विचारायची थांबेल. बाकी सगळं कळवत जा, शाळा, जेवणखाण, पडलेला दात, सगळं.

तो दिवस मात्र मला कळवू नकोस.

तुझी,
सुमतीताई