उजवीकडून येणारा आवाज

मी, खाली सही करणारी, पेशाने शिवणकाम करणारी, वय सत्तरीच्या पुढे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. कुणी धाक घातलेला नाही. मला धाक घालील असं कुणी आता उरलेलंही नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

राहतं घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मं-निम्मं. पुढच्या खोलीवरून भांडू नका. बँकेतली ठेव मुलीची, कारण वडिलांच्या आजारपणात नोकरी सोडून तीच येऊन राहिली. शिलाई मशीन आणि मोठी कात्री सुनेला. त्या कात्रीने कागद कापायचा नाही. माझे पती जमीनमोजणीच्या खात्यात होते. त्यांची मोजपट्टी मुलाने घ्यावी.

आता पुढच्या खोलीतल्या सिनेमाच्या यंत्राविषयी. हे कलम लांबेल, त्याला इलाज नाही.

निवृत्त झाल्यावर पतींनी हौसेने होम थिएटर बसवलं. भोवती पाच स्पीकर आणि त्यांना आवाज वाटून देणारा एक प्रोसेसर. रविवारी सगळे सिनेमा बघायला जमत आणि दर वेळी तीच तक्रार: आवाज सगळा उजवीकडूनच येतो. माझा धाकटा भाऊ म्हणायचा, "दाजी, लोकांच्या जमिनीही अशाच एका अंगाला कलत्या मोजल्यात का?" हे हसून म्हणायचे, "माझा कान अधू आहे रे. मला असंच बरं पडतं." मुलगा कान तपासायला नेतो म्हणाला, तर गेले नाहीत. शेवटी त्याने श्रवणयंत्रच आणून दिलं. ते रविवारी निमूटपणे कानात घालत. हे गेल्यावर कपाटात त्याच्या बॅटऱ्यांची पाकिटं सापडली, एकही न फोडलेलं. चिक्कू माणूस, असं म्हणून मी ती परत ठेवून दिली.

यंदा यंत्र बिघडलं. आधी खरखर, मग उजवी बाजू गपच. मेकॅनिक आला. त्याने वायरी काढून, पुसून पुन्हा लावल्या. डाव्या-उजव्या स्पीकरची अदलाबदल केली, तरी उजवीकडे शुकशुकाटच. "काकू, स्पीकर ठणठणीत आहेत. प्रोसेसर गेलाय. याचे सुटे भागही आता मिळत नाहीत." मुलाने नवा मागवला. त्याच्याबरोबर छोटा माईक येतो. तो बसायच्या जागी कानाच्या उंचीला ठेवला, की यंत्र आपणच मोजून सगळीकडे सारखा आवाज लावतं. मुलगा खूश. म्हणाला, "आई, बाबांचं पहिल्यापासूनच चुकलं होतं बघ. आता कसं बरोबर झालं."

मी माझ्या खुर्चीत बसले. संगीत ऐकू आलं. माणसं काय बोलतात ते कळेना. बाहेर कुठेही गेले तरी बोलणं निम्मंच कळायचं, पण या खोलीत मला शब्द न् शब्द ऐकू येत असे. यंत्र चांगलं आहे, असं मी समजत होते.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला परत बोलावलं आणि म्हटलं, जुन्यासारखं लावून दे. त्याने जुना पुन्हा जोडला. आवाज गेला असला तरी टीव्हीवर त्याचं सेटिंग दिसत होतं. तो एकेक आकडा तपासत गेला.

"काकू, हे चुकून झालेलं नाही. बोलणं मुद्दाम उजवीकडे वळवलंय, डावीकडचं कमी केलंय. मोजमापही मधल्या सोफ्यावरचं नाही, त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवरचं आहे. तिथे काका बसायचे का? त्यांचा डावा कान गेला होता?"

"नाही," मी म्हटलं. "तिथे मी बसते."

डाव्या कानाने मला लहानपणापासून ऐकू येत नाही. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. बोलू नकोस." बोलले नाही. ओठ बघून, होला हो करून संसार केला, आणि यांना पत्ता लागू दिला नाही म्हणून मनात जरा फुशारकीही होती. यांना कधी कळलं ते मला ठाऊक नाही. मी सांगत नाही म्हणून यांनी विचारलं नाही, आणि माझी मूठ झाकलेली राहावी म्हणून बहिरेपण स्वतःच्या नावावर करून घेतलं. मोजमापात कधी इंचाची चूक न करणाऱ्या माणसाने वर्षानुवर्षं टिंगल सोसली. मला फार वाईट वाटतं, आणि ते ज्यांना सांगायचं ते गेले.

सबब, नवा प्रोसेसर मेकॅनिककडून जुन्यासारखाच लावून घेतला आहे. यंत्र मुलाला. मात्र त्याने आणि माझ्या भावाने डाव्या कानात कापसाचा बोळा घालून, माझ्या खुर्चीत बसून, प्रत्येकी एक अख्खा सिनेमा बघावा. मग हवं तसं बदला. भावाला याहून अधिक काही देत नाही. हे कलम सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं. ऐकू मला येत नव्हतं, त्यांना येत होतं.

साक्षीला आलेल्या डॉक्टरबाईंनी मी भानावर आहे ना हे बघायला आज डावीकडून काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "उजवीकडे येऊन बोला. त्या कानाने मला ऐकू येत नाही." हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा बोलले. त्यांनी खुर्ची उचलली आणि इकडे आल्या. एवढंच झालं. इतकं सोपं होतं.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

लिहून देणार : (सही) घराची मालकीण

आमच्यादेखत सही झाली :
१. (सही) डॉक्टरबाई
२. (सही) मेकॅनिक

ठिकाण : राहतं घर, पुढची खोली
दिनांक : हे गेल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, मार्चचा पहिला रविवार