सुनंदाचा रिकामा हात

गुरुवार, संध्याकाळ

कॉन्व्हेंट शाळेत डबा खाताना सिस्टर विचारायच्या, "ईट व्हॉट?" आणि आम्ही मुली पोळी उंच धरायचो. इंग्रजी क्रियापदाचं कर्म मी असं शिकले.

आज तेच सायखेड्याहून फुलं आणणाऱ्या सुनंदाला शिकवलं. बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म तिने चाळिशीत भरलाय. इंग्रजीत दोनदा नापास झाली. उद्या पुन्हा पेपर.

गजरा ओवता ओवता म्हणाली, "बाई, मी ओवते तर हातात गजरा हाय. नुसती हसते तर हात रिकामा. मग हसण्याला कर्म नाय!"

हात रिकामा! मला का नाही सुचलं हे कधी?

हा गजरा सिस्टरांच्या फोटोला. आणि त्यांनी मला बक्षीस दिलेलं पेन उद्या सकाळीच सुनंदाला. उद्या तो हात रिकामा नको.