उलट्या तासांची चकती

प्रिय आत्या, वाकून नमस्कार.

आधी दुरुस्ती. मागच्या पत्रात ‘शनी कड्यासकट दिसला’ असं मी लिहिलं होतं. ती लांबच्या इमारतीवरची पाण्याची टाकी होती. तू ते कुणाला कौतुकाने सांगितलं असशील, तर कृपया त्यांनाही कळव. (तुझ्या गुडघ्याच्या डॉक्टरीणबाईंना नाही कळवलंस तरी चालेल, त्या तशाही माझं काही खरं मानत नाहीत.) तुझा गुडघा कसा आहे? जिने कमी चढतेस ना?

तर शनी. दुसऱ्या संध्याकाळी फोकस जरा फिरवला, तेव्हा कडं म्हणजे टाकीचं झाकण निघालं आणि एक प्लंबर डोकं खाली, पाय वर करून शनीवर चढला. (आपल्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, एवढं मला माहीत होतं.) बाबा शेजारीच उभे होते. तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण चकती माझी होती. दुर्बीण कुठवर वळवायची ते दाखवणारी, आकाशाचे चोवीस तास लिहिलेली ही चकती करताना मी कागदाची पट्टी कितीदा गुंडाळली, कितीदा सोडली, रेघा मोजून मोजून आईचं डोकं कसं उठवलं, ते तुला कळवलंच होतं. म्हणून मी अगदी शांतपणे म्हणाले, “चकती अचूक आहे, बाबा. अक्षच वाकडा बसला असेल.”

दुर्बिणीचा आरसा त्यांनी हाताने घासलेला, ती ज्यावर फिरते तो अक्षही त्यांनीच बसवलेला. ते वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्यांनी अक्ष खोलून काढला, खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला आणि आईला म्हणाले, “आता माझ्या हाताचं काही खरं नाही.” मग सगळी हत्यारं पुसून पेटीत भरली. शुक्रवारी ओळखीचा सुतार ती कायमची घेऊन जाणार आहे.

काल चकती हातात घेऊन बसले होते, तर नजर भिंतीवरच्या तारानकाशाकडे गेली. त्यात तास उजवीकडून डावीकडे वाढतात. माझ्या चकतीवर ते घड्याळासारखे गेले आहेत. तास म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे तुझं पुठ्ठ्याचं घड्याळ येतं, शाळेआधी घरी शिकवायचीस ते. (तुझा काडीचाही दोष नाही. तू वेळ शिकवत होतीस, आकाश नाही.) रेघा केसभरही चुकलेल्या नाहीत. फक्त आकडे उलटे, त्यामुळे दुर्बीण इमानेइतबारे भलत्याच बाजूला जात होती. अक्ष सरळ होता. हे घरात अजून कुणाला ठाऊक नाही. बाबा हल्ली चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. मला त्यांच्यासमोर बसवत नाही.

तुझी, तोंड लपवून बसलेली,
भाची

ता. क. तू बाबांना फोन करून सहज विचारशील का, की आकाशाचे तास उलटे मोजतात म्हणे, खरं का? ते आपोआप चकतीकडे बघतील आणि मला काही सांगावं लागणार नाही.

दुसरा ता. क. वरचं खोडणार होते, पण खाडाखोड तुला चालत नाही. फोन करू नकोस. चकती बघून ते एक अक्षर न बोलता आकडे बदलतील आणि मला वाचवतील. ‘वाकडा’ हा शब्द माझा होता, तो मीच परत घ्यायला हवा. गुरुवारी सांगणार होते, पण एक दिवस जास्त मिळाला की मला सबबी सुचतात. म्हणून बुधवारी.